मास्टर साहबांचा सवाल आणि नागपूरचे मोडेम

गेल्या महिन्यात शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उर्दूत एक सूचना आली. सुंदर नस्तालीक अक्षरात होती, पण फोटो होता. मला त्यातली तारीख आणि दोन ओळी उचलून मराठी वर्गाच्या पालकांना पाठवायच्या होत्या. बराच वेळ बोट दाबून धरलं, एक अक्षरही हाती लागलं नाही. शेवटी सगळं वाचून पुन्हा टाइप केलं. तेव्हा मला मोमिनपुऱ्यातल्या सायबर कॅफेतले मास्टर साहब आठवले, आणि त्यांचा एक सवाल. त्या सवालाचं खरं उत्तर मी त्यांना तेव्हा देऊ शकलो नव्हतो. आज द्यावं म्हणतो. त्यासाठी नागपुरात टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट कसं यायचं, ते थोडं सांगावं लागेल.

1999 साल. मी बी.ए.ला होतो आणि संध्याकाळी ओळखीतल्या एका सायबर कॅफेवर बसायचो. दोन संगणक, दोन मोडेम, दोन फोनलाइन, एक कूलर. तासाचे 40 रुपये. मास्टर साहब उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. ते अर्ध्या तासाचे 20 रुपये आधीच मोजून टेबलावर ठेवायचे आणि हैदराबादचं उर्दू दैनिक उघडायला सांगायचे. शेजारच्या खुर्चीवर बहुतेक वेळा एखादा इंजिनिअरिंगचा पोरगा इंग्रजी पानं वाचत असे. अर्ध्या तासात त्याची तीस-चाळीस पानं होत. मास्टर साहबांच्या पडद्यावर बातमी वरून खाली पट्ट्यापट्ट्याने उतरे, जणू कुणी हळूहळू पडदा सोडतंय. पाच-सहा बातम्या झाल्या की त्यांची वेळ संपे.

एकदा त्यांनी विचारलं, "बेटा, लाइन एक, मशीन एक. फिर अंग्रेजी जल्दी क्यों आती है?"

मी म्हणालो, "मास्टर साहब, आज लाइन स्लो है." ते हसले. शेजारच्या पोराची लाइन स्लो नव्हती, हे त्यांना समोर दिसत होतं.

आता थोडं मागे जाऊ. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं 15 ऑगस्ट 1995 रोजी. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने ते आधी मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत आणलं. पुणे आणि बंगळूर पाठोपाठ आले. नागपूर त्या यादीत नव्हतं. आपल्या शहरात सोय नसली की मुंबईला एसटीडी लावायची, म्हणजे इंटरनेटचं बिल वेगळं आणि ट्रंकलाइनचं वेगळं. त्या काळात विद्यार्थ्यांसाठी एक स्वस्त खातं मिळे, त्याला शेल खातं म्हणत. त्यात चित्रं दिसत नसत, काळ्या पडद्यावर फक्त रोमन अक्षरं. स्वस्त खात्यावर इंग्रजी वाचता येत होती. उर्दूला आणि मराठीला तिथे दारच नव्हतं. मास्टर साहबांच्या सवालाची सुरुवात इथूनच होते.

पुढे दूरसंचार विभागाने इतर शहरांतही केंद्रं उघडली आणि नागपूरला स्वतःचा पत्ता मिळाला. विभागाचं इंग्रजी लघुनाव 'डॉट', त्यामुळे इथल्या ई-मेलच्या पत्त्यात शेवटी 'नागपूर.डॉट.नेट.इन' असे. फोनवर तो सांगायचा म्हणजे 'नागपूर डॉट डॉट डॉट नेट डॉट इन'. ऐकणारा हमखास विचारी, "डॉट किती वेळा?" नोव्हेंबर 1998 मध्ये सरकारने खासगी कंपन्यांनाही इंटरनेट विकायची परवानगी दिली. परवान्याचे तीन वर्ग होते. 'अ' संपूर्ण देशासाठी, 'ब' एखाद्या टेलिकॉम सर्कलसाठी किंवा महानगरासाठी, आणि 'क' साधारण एका जिल्ह्याएवढ्या टेलिफोन क्षेत्रासाठी. पहिली पाच वर्षं परवाना शुल्क माफ होतं. त्यामुळे मध्यम शहरांतही लहान लहान कंपन्या उभ्या राहिल्या. माझ्या मामूंचे थोरले चिरंजीव, आमचे भाईजान, अशाच एका लहान कंपनीत रात्रपाळीला होते.

कंपनीचं दुकान म्हणजे बर्डीवरच्या एका इमारतीतली थंडगार खोली. नागपूरच्या मे महिन्यात त्या खोलीत जायला मी कुठलंही निमित्त शोधायचो. मला वाटे, तिथे शेकडो मोडेम ओळीने मांडलेले असतील. प्रत्यक्षात लोखंडी मांडणीत एक चपटी पेटी होती. तिला नेटवर्क अ‍ॅक्सेस सर्व्हर म्हणत. अ‍ॅसेंडचा मॅक्स, लिव्हिंग्स्टनचा पोर्टमास्टर, यूएस रोबोटिक्सचा टोटल कंट्रोल, सिस्कोचा एएस 5300 ही त्या काळातली जगभरची नावं.

या पेटीचं काम असं. कॅफेतून फोन लागला की तो तांब्याच्या तारेने एक्स्चेंजपर्यंत जाई. तिथे आवाजाचे आकडे होत आणि ते ई-1 नावाच्या जाड वाटेने पेटीत येत. एका ई-1 वर एका वेळी 30 फोन. भाईजानच्या कंपनीकडे अशा दोन वाटा होत्या, म्हणजे अख्ख्या शहरातले 60 जण एका वेळी. एकसष्टाव्याला एंगेज टोन. पेटीच्या आत कार्डांवर मोडेम होते, पण ते आपल्या डब्यासारखे नव्हते. ते गणित करणाऱ्या चिपा होत्या आणि त्या काय करतील हे त्यांच्यात भरलेल्या आज्ञावलीवर अवलंबून असे. तिलाच फर्मवेअर म्हणतात. मोडेमने फोन उचलला, बोलणं जुळलं, की पेटी दुसऱ्या संगणकाला विचारी, 'हे नाव आणि हा पासवर्ड खरा का?' होकार आला की तुमचा वेळ मोजायला सुरुवात.

मोडेमचा तो किरकिरा आवाज माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. भाषा शिकवणारा माणूस म्हणून मला तो आजही समजतो, कारण त्यात आधी भाषाच ठरत असे. नागपुरात अनोळखी माणूस भेटला की आपण मराठीत सुरू करतो, समोरच्याचा चेहरा पाहून हिंदीवर येतो, सलाम ऐकला की उर्दूवर. मोडेमही तसंच करत. मला काय काय येतं, तुला काय येतं, आणि दोघांना येणाऱ्यांतली सगळ्यात वेगवान कोणती. ही बोलण्याची रीत म्हणजे मानक. व्ही.32 वर सेकंदाला 9,600 बिट जात. 1994 च्या व्ही.34 वर 28,800, आणि 1996 मध्ये तिचीच मर्यादा 33,600 झाली.

साध्या टेलिफोनवर याहून पुढे जाता येणार नाही असं वाटत असतानाच 56 हजारांची युक्ती निघाली. कंपनीची पेटी एक्स्चेंजशी थेट आकड्यांच्या वाटेने जोडलेली असते, मग तिच्या बाजूने आवाज करून पुन्हा आकडे करायची गरज काय? एक्स्चेंज सेकंदाला 8,000 आकडे पाठवतं, प्रत्येकातले 7 बिट भरवशाचे धरले की 56,000. ही गंमत फक्त येणाऱ्या बाजूला. जाताना तोच जुना 33,600. आणि अट अशी की वाटेत आकड्यांचा आवाज एकदाच व्हावा. जुन्या वस्तीत जोडावर जोड दिलेली तार, पावसात ओला झालेला डबा, अशा ठिकाणी 56 हजार डब्यावर छापलेलेच राहत. आम्हाला 44 हजार दिसले की आम्ही खूश.

पण 1997 मध्ये ही युक्ती दोघांनी दोन तऱ्हेने विकली. यूएस रोबोटिक्सची एक्स-2, आणि रॉकवेल व ल्युसेंट यांची के56फ्लेक्स. दोघींना एकमेकींची बोली कळत नसे. घरी एक आणि पेटीत दुसरी असली की दोघे मुकाट्याने 33,600 वर उतरत. फेब्रुवारी 1998 मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेत व्ही.90 या एका मानकावर एकमत झालं आणि सप्टेंबरमध्ये ते मंजूर झालं. आता जगभरच्या पेट्यांना ही नवी बोली शिकवायची होती. पेटी बदलायची गरज नव्हती, फर्मवेअर बदललं की पुरे. पण ते कुणीतरी रात्री बसून बदलायला हवं होतं.

आमच्या कॅफेतले मोडेम व्ही.90 चे. भाईजानच्या कंपनीची पेटी दुसऱ्या हाताने घेतलेली, तिला फक्त के56फ्लेक्स येई. म्हणून आम्ही 28 किंवा 31 हजारांवर अडकलेले. 2000 च्या उन्हाळ्यात एकदाचं नवं फर्मवेअर आलं. भाईजान म्हणाले, "चल, आज रात बैठते हैं. तू घड़ी देखना और लिखते जाना."

त्या रात्रीची तरतीब मला अजून पाठ आहे. आधी पेटीतली सगळी मांडणी, म्हणजे कॉन्फिगरेशन, उतरवून फ्लॉपीवर ठेवलं. जुन्या आज्ञावलीचा क्रमांक वहीत लिहिला, कारण बिघडलं तर परत तिथेच यायचं. नवी फाइल पेटीच्या स्मृतीत मावते का ते पाहिलं. मग 30 मोडेमना 'बिझी' अशी खूण केली. चालू फोन तोडायचा नाही, तो संपला की त्या मोडेमने नवा घ्यायचा नाही, असा तिचा अर्थ. साडेअकरा वाजता सुरुवात केली. एक गृहस्थ पावणेदोनपर्यंत जोडलेले होते. भाईजान बसून राहिले. म्हणाले, "पैसे भरे हैं उसने." ते उठल्यावरच त्या मोडेममध्ये नवी आज्ञावली भरली.

दुसरी खेप संपली तेव्हा अडीच वाजले होते. आम्ही खालच्या फोनवरून चाचणी घेतली. पहिला फोन छान लागला. दुसरा उचलला गेला, किरकिर झाली आणि तुटला. तिसरा तुटला, चौथाही. नोंदवही उघडली तर सगळे तुटलेले फोन एकाच कार्डावरच्या मोडेमकडे गेलेले. गंमत बघा, चांगला मोडेम फोन घेतला की तासभर गुंतून राहतो. बिघडलेला मिनिटभरात मोकळा होतो, म्हणून पुढचा फोनही त्याच्याच वाट्याला येतो. 60 मधले थोडे मोडेम चुकले, तरी अर्ध्या शहराला वाटतं की कंपनीच बंद आहे. शिवाय पेटीने फोन उचललेला असतो, त्यामुळे लागला नाही तरी टेलिफोनचा मीटर फिरतो. तसंच सोडलं असतं तर सकाळी प्रत्येक गिऱ्हाइकाने प्रत्येक फसलेल्या फोनचे पैसे भरले असते.

चूक एका ओळीत होती. टेलिफोनचा आवाज आकड्यांत बसवायच्या दोन रीती आहेत. अमेरिकेत म्यू-लॉ, तिथल्या जाड वाटेवर 24 फोन. भारतात आणि युरोपात ए-लॉ, वाटेवर 30 फोन. आज्ञावली बदलताना त्या एका कार्डाची देशाची नोंद मुळावर, म्हणजे अमेरिकेवर गेली होती. ते मोडेम नागपूरच्या एक्स्चेंजशी अमेरिकेच्या हिशेबाने बोलत होते. भाईजाननी ओळ दुरुस्त केली, मांडणी जतन केली आणि 60 पैकी एकेक मोडेम तपासला. आम्ही खाली उतरलो तेव्हा फजरची अजान होत होती.

दुसऱ्या दिवशी कॅफेच्या पडद्यावर पहिल्यांदा 44,000 उमटले. मी ते मास्टर साहबांना अभिमानाने दाखवलं. बातम्या खरंच लवकर उतरू लागल्या. अर्ध्या तासात पाच-सहाच्या जागी आठ-नऊ. त्यांनी मला दुआ दिली. मग शेजारच्या पडद्याकडे पाहिलं. तिथे इंग्रजी पान डोळ्यांदेखत उघडत होतं. ते काही बोलले नाहीत.

खरं उत्तर मला बी.एड. झाल्यावर, संगणकावर उर्दूची प्रश्नपत्रिका करू लागलो तेव्हा कळलं. नस्तालीक लिपीत अक्षरं एका रेषेवर बसत नाहीत, तिरपी उतरत जातात, आणि प्रत्येक अक्षराचं रूप शेजाऱ्याप्रमाणे बदलतं. म्हणून उर्दू वर्तमानपत्रं कातिब हाताने लिहीत. 1981 मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या अक्षरावरून मोनोटाइप कंपनीने नूरी नस्तालीक तयार केलं. त्यात अक्षरांचे जोड वेगवेगळे सुटे न ठेवता हजारोंच्या संख्येने आयते बनवून ठेवले होते. 1994 मध्ये दिल्लीच्या एका कंपनीने इनपेज आणलं आणि उर्दू घरच्या संगणकावर आली. पण इनपेजचे संकेत त्याचे स्वतःचे. इंटरनेटच्या ब्राउझरला ते कळत नसत. मग वर्तमानपत्रवाल्यांनी सोपा मार्ग काढला. बातमी इनपेजमध्ये लावायची, तिचं चित्र काढायचं आणि चित्र चढवायचं.

आता हिशेब करू. इंग्रजी बातमी 6,000 अक्षरांची, म्हणजे 6,000 बाइट. 28,800 वर ती दोन सेकंदांत येते. तेवढ्याच उर्दू बातमीचं चित्र समजा 70,000 बाइटचं. त्याला 20 सेकंद. 44,000 झाल्यावर 13. आणि दुसरी गोष्ट याहून बारीक आहे. मोडेमच्या फर्मवेअरमध्येच मजकूर दाबून लहान करायची सोय होती, तिचं नाव व्ही.42बिस. साधा मजकूर तिच्यातून निम्मा किंवा त्याहून लहान होऊन येई. पण चित्राची फाइल तशाच पद्धतीने आधीच दाबलेली असते, ती आणखी दबत नाही. म्हणजे इंग्रजी वाचणाऱ्याला मोडेम फुकटात दुप्पट वेग देत होता. मास्टर साहबांना त्यातलं काहीच मिळत नव्हतं. आम्ही रात्रभर जागून दोघांचा वेग सारखाच वाढवला. दोघांमधलं अंतर मात्र मोडेममध्ये नव्हतंच. ते मोडेमच्या आधी, बातमी अक्षर म्हणून चढवली की चित्र म्हणून, इथे ठरून गेलेलं होतं.

मराठीचं त्या वेळी मधलं होतं. मराठी वर्तमानपत्रांनी आपापले फॉन्ट केले होते. फॉन्ट उतरवून घेतला की बातमी मजकूर म्हणूनच येई, दाबलीही जाई. फॉन्ट नसला की पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी. तरीही ती अक्षरं होती.

यात मी कुणा एकाला दोष देत नाही. चित्र चढवणाऱ्या संपादकांकडे दुसरा मार्ग नव्हता. त्यांनी ते केलं नसतं तर मास्टर साहबांना काहीच वाचता आलं नसतं. पण तात्पुरता मार्ग सवय बनला की त्याची किंमत कुणीतरी भरत राहतं. इथे ती मिनिटांत मोजली गेली, आणि पेन्शनमधून दिली गेली.

ऑक्टोबर 2000 मध्ये दूरसंचार विभागाच्या सेवांची बीएसएनएल झाली. जानेवारी 2005 मध्ये तिने ब्रॉडबँड आणलं आणि मोडेमची किरकिर हळूहळू बंद पडली. ती पेटी केव्हातरी भंगारात गेली. भाईजान आता आखातात आहेत. दरम्यान युनिकोड रुळलं. त्यात देवनागरीला आणि उर्दूलाही प्रत्येक अक्षराचा स्वतःचा क्रमांक आहे. मराठी विकिपीडिया 2003 मध्ये आणि उर्दू 2004 मध्ये सुरू झाला, तो अक्षरांत. नस्तालीकचे युनिकोड फॉन्ट फुकट मिळतात, मोबाइलमध्ये उर्दूचा कीबोर्ड असतो. 1999 मध्ये जी मजबुरी होती, ती आज उरलेली नाही.

आणि तरीही आमच्या ग्रुपवर सूचना फोटो होऊन येते. प्रश्नपत्रिका इनपेजमधून चित्र होऊन येतात. मुशायऱ्याचं निमंत्रण, मदरशाच्या प्रवेशाची माहिती, शिष्यवृत्तीच्या अटी, सगळं चित्र. मी गटातल्या एका सहकाऱ्याला म्हटलं तर ते म्हणाले, "सर, अब तो नेट तेज़ है, क्या फ़र्क़ पड़ता है?" वेळेचा फरक खरंच पडत नाही. पण चित्रातला मजकूर शोधून सापडत नाही. आमच्या वस्तीतल्या ज्या मुलाला दिसत नाही, त्याचा फोन त्याला मराठी बातमी वाचून दाखवतो, पण आमची उर्दू सूचना दाखवत नाही. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख त्याला दुसऱ्याला विचारावी लागते. आता किंमत मिनिटांत मोजली जात नाही एवढंच.

मास्टर साहबांचा इंतकाल होऊन बरीच वर्षं झाली. त्यांना सांगायचं राहिलं ते एवढंच, की मशीनला इंग्रजी जास्त आवडत नव्हती. आपण तिला उर्दू दिलीच नव्हती, उर्दूचा फोटो दिला होता.

गेल्या आठवड्यात मी नववीच्या मुलांना गृहपाठ दिला. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून त्यांच्या शाळेची एक आठवण ऐकायची आणि मोबाइलवर उर्दूत टाइप करून आणायची. फोटो चालणार नाही. 41 पैकी 26 जणांनी आणली. उरलेल्या 15 जणांना मी उद्या शाळा सुटल्यावर थांबवलं आहे, कीबोर्ड सुरू कसा करायचा ते दाखवायला.